मिशीच्या पैजेचा बास

"वढा! वढा जी जावईबापू! ढिलं सोडू नका, वढा!"

सासरे ओरडत होते. उभी हयात ते हायस्कुलात पी.टी.चे मास्तर होते. भंडारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावच्या मैदानावर त्यांनी 'सावधान!' म्हटलं की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशी खुर जुळवून उभ्या राहत. हे मी पाहिलेलं नाही, पण सांगतो नेहमी. तो आवाज आता टेक्ससमधल्या एका तळ्याच्या काठावर मार्चमधल्या रविवारी सकाळी सुटला होता. पलीकडच्या काठावरची बदकं उडाली, बसली आणि पुढची आरोळी ऐकून कायमची निघून गेली.

माझ्या हातातला रॉड इतका वाकला होता की त्याचं टोक माझ्याच बुटाची नाडी सोडवायला आलं होतं. टाचा चिखलात रुतवून मी मागे रेललो होतो आणि मनातल्या मनात त्या माशाच्या विनवण्या करत होतो. बाबा रे, ये. तुला कापणार नाही, तळणार नाही. फक्त दोन मिनिटं फोनसमोर तोंड दाखव आणि जा.

आली. काळी, सडकी, माझ्या मांडीएवढी जाड फांदी आली. तिला माझ्यासारख्याच कुणा दुर्दैवी माणसाचं तुटलेलं आमिष लटकलं होतं.

सासऱ्यांनी माकडटोपी वर केली, फांदीकडे पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला. अलीकडे ते तिच्यावरून असा हात फिरवत, जसा माणूस स्टँडवर गावाला निघालेल्या नातेवाइकाच्या पाठीवरून फिरवतो.

"हे नाही चालणार," ते म्हणाले. "तलाठी म्हणाला आहे, मासा जिवंत पाहिजे."

हा तलाठी म्हणजे त्यांच्या गावचा निवृत्त तलाठी. रात्रीचं जेवण झालं की गावातली सगळी रिटायर मंडळी चौकातल्या पानठेल्यावर जमतात, सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात धरतात आणि जगाचा निकाल लावतात. शाळा सुटल्यापासून मास्तरांचं ऐकणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं. पोरं मोठी होऊन पुण्या-मुंबईला गेली, मैदानावर लग्नाचे मांडव पडायला लागले. उरला पानठेला. तिथे त्यांच्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, अमेरिकेतला जावई. आणि जावयाकडे सांगण्यासारखं एकच होतं, इथल्या तळ्यातला बास मासा.

आता मी फोनवर जे सांगत आलो, त्यात खोटं काही नव्हतं. फक्त ते थोडं वाढीव मापाचं होतं, आपण लहान मुलाला शर्ट घेतो तसं, पुढे अंगाला येईल या हिशेबानं. मी सांगितलं होतं की मी धरलेला बास खांद्यावर टाकला तर त्याची शेपटी माझ्या पोटरीला लागत होती. त्याच्या जबड्यात माझं डोकं हेल्मेटसकट गेलं असतं. त्याचं तोंड उघडलं तेव्हा आतून एक बदक बाहेर आलं, पंख झटकले, माझ्याकडे रागानं पाहिलं आणि उडून गेलं. माझी बायको हे ऐकताना भांडी जोरात आपटत असे. सासरे मात्र म्हणायचे, "हौ का? मग?" पृथ्वीच्या पाठीवर माझ्यावर विश्वास ठेवणारा तेवढा एकच माणूस होता. त्याला मी कमी माप कसं देणार?

मास्तरांनी ते सगळं बदकासकट पानठेल्यावर नेलं. सोबत मी पाठवलेला फोटोही नेला. फोटोत मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याच्या दिशेनं लांब धरलेला होता. असा धरला की बोटाएवढाही मगरीएवढा दिसतो, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. दुर्दैवानं तलाठ्यालाही होतं. त्यानं भर चौकात विचारलं, "मास्तर, तुमच्या जावयाचे अंगठे कलिंगडाएवढे आहेत का?"

सगळे हसले आणि मास्तर पेटले. त्यांनी मिशी पैजेला लावली. म्हणाले, "मी चाललो अमेरिकेला. तसा मासा जिवंत धरून तुम्हाला दाखवतो. नाही दाखवला तर मिशी उतरवून गावात येईन."

मिशी उतरवण्याची गोष्ट तुम्हाला गमतीची वाटत असेल, कारण तुम्ही ती मिशी पाहिलेली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मिशी आहे असं म्हणणं चूक होतं. मिशी होती आणि तिच्यामागे मास्तर होते. विमानात हवाईसुंदरीनं त्यांना पट्टा बांधायला सांगितलं तेव्हा त्यांनी मिशीही बांधायची का असं विचारलं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. पण गावात जिच्यामुळे तीन पिढ्यांची पोरं रांगेत उभी राहिली, ती मिशी काढून त्या माणसानं पानठेल्यावर जाऊन बसायचं, हे मला एकटा असतानाही हसून सांगता येत नाही.

तलाठ्यानं अटी घातल्या. फोटो चालणार नाही. व्हिडिओ पाठवलेला चालणार नाही, कारण जावई कॉम्प्युटरवाला आहे आणि हल्ली बसल्या जागी हत्तीला पंख लावता येतात. मास्तर परत निघायच्या आधी, एका रविवारी, पानठेल्यावर सगळे बसलेले असताना फोनवर समोरासमोर मासा दाखवायचा. तलाठी सांगेल तसा फिरवायचा. तोंडाची उघडझाप दिसली पाहिजे आणि शेजारी मिशी दिसली पाहिजे. वेळ ठरली त्यांची रात्रीची साडेआठ, म्हणजे आमचे सकाळचे नऊ. हा हिशेब मीच करून दिला. अमेरिकेत राहून माणूस आणखी काही शिको न शिको, भारतात आत्ता किती वाजले हे झोपेतही सांगू शकतो.

सासरे-सासूबाई डिसेंबरात आले आणि आमची वणवण सुरू झाली. हिवाळ्यात हा मासा तळाशी जाऊन बसतो, सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा. समोर काहीही धरा, मान वर करत नाही. मी सासऱ्यांना धीर देत होतो की थांबा मामाजी, मार्च येऊ द्या. मार्च लागला की मोठ्या माद्या अंडी घालायला खोल पाण्यातून काठाकडे सरकतात. पोटात गाभोळी आणि अंगात अशी भूक की समोर येईल ते गिळतात. वर्षातले हे तेवढेच थोडे आठवडे माझ्यासारख्यालाही मोठा बास लागू शकतो.

मार्च आला. मासे काठाकडे सरकू लागले, झाडांना पालवी फुटली, मी लाल रंगाची खुळखुळणारी आमिषं आणली. आणि सासऱ्यांच्या शेवटच्या रविवारच्या तोंडावर उत्तरेचा वारा सुटला. टेक्ससमध्ये हा वारा आला की दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरणारा माणूस संध्याकाळी गोधडी शोधतो. माशांचं तोंड तर असं बंद होतं की वाटावं शिवून घेतलंय. मंगळवारचं विमान होतं.

बायकोनं शनिवारी उपाय सुचवला. "अर्विंगमध्ये इंडियन ग्रोसरीत बर्फावर चांगला मोठा कतला मासा आहे. आणा, पाण्यात धरा, हलवा. कुणाला काय कळतंय?"

माझा जीव क्षणभर कतल्यात गुंतला, हे कशाला लपवू? मी सासऱ्यांकडे पाहिलं.

"तलाठ्याला कतला ओळखू येते," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "आणि मलेही येते ना जी."

सासूबाई सुटकेस भरत होत्या.

रविवारी पहाटे निघालो तेव्हाच काहीतरी बिघडलेलं होतं. फोनवर सात वाजून गेले तरी गुडुप काळोख. मी म्हटलं, ढग आहेत, थंडी आहे, सूर्यही अंग चोरतोय. सासऱ्यांनी गाडीतल्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"हे मागं आहे का जी? तासभर?"

"जुनी गाडी आहे मामाजी," मी म्हणालो. "हिचं सगळंच मागे आहे."

आणि मग काठ, वारा, आणि ती फांदी.

फांदी बाजूला फेकून मी पुन्हा गळ टाकला. पाण्याखाली हिवाळ्यात तगलेलं गवत होतं. त्यात आमिष अडकू द्यायचं आणि हलक्या झटक्यानं सोडवायचं, की सुटतं तेव्हा ते बिळातून निसटलेल्या खेकड्यासारखं दिसतं. टाकलं, अडकवलं, सोडवलं. टाकलं, अडकवलं, सोडवलं. बोटं अशी बधिर झाली की मधेच मी माझ्याऐवजी सासऱ्यांचं नाक पुसलं. गेल्या कित्येक रविवारांची थंडी हाडांत साठली होती. नऊ वाजत आले. सासरे फोन छातीशी धरून उभे होते आणि आता ओरडतही नव्हते. ते गप्प झाले तेव्हा मात्र मला भीती वाटली.

"मामाजी," मी म्हटलं, "तलाठ्याला सांगू, थंडी होती."

"थंडीवर पैज नव्हती."

मी आमिष गवतातून सोडवायला झटका दिला. ते सुटलं नाही. पुन्हा झटका दिला. मग गवतानं मला झटका दिला.

इथे मला एक अडचण आहे. मी इतक्या वेळा इतके मासे सांगितले आहेत की आता हा सांगायला माप उरलेलं नाही. रीळ किंचाळलं. दोरी डावीकडे पळाली, पाणी फुटलं आणि एक डोकं वर आलं. हिरवं, काळपट, बादलीसारखं तोंड उघडलेलं. डोकं झटकून ते परत खाली गेलं.

"वढू नका!" सासरे आता उलटं ओरडत होते. "खेळू द्या तिले! अरे खेळू द्या! आता वढा! नाही, थांबा! डावीकडे! अहो डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे!"

मी रडत होतो की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं होतं, याचा तपास मी केलेला नाही. सासरे बुटांसकट पाण्यात उतरले, गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत, आणि त्यांनी जाळी खालून घातली. जाळी वर आली तेव्हा तिच्यात ती होती.

तळ्याचा नियम तिथे पाटीवर लिहिलेला होता. मधल्या मापाचा बास ठेवायचा नाही, तसाच पाण्यात सोडायचा. त्याहून मोठा मिळाला तर एखादा नेता येतो. मी पट्टी लावली. ती मधल्या मापातच बसली, कशीबशी. या सगळ्या हकिकतीत एवढं एकच माप खरं आहे आणि नेमकं तेच मला वाढवता आलं नाही. ग्रीन कार्डाची फाइल कुठल्याशा टेबलावर वर्षानुवर्षं पडून असलेला माणूस लाल सिग्नलला पायी जातानाही थांबतो. माशापायी दंड झाला, तो कागद त्या फाइलीला जाऊन चिकटला, आणि साहेबानं विचारलं की हे बासचं काय प्रकरण आहे, तर मी काय सांगणार? मिशी?

"लावा फोन!" मी म्हणालो. "नऊ झाले. लावा, मामाजी!"

मी काठाशी उकिडवा बसून तिला जाळीत, पाण्यातच धरून ठेवलं. सासऱ्यांनी ओल्या बोटांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली.

"पुन्हा लावा."

पुन्हा वाजत राहिली. पानठेल्यावर आत्ता सगळे बसलेले असणार, तलाठी मधोमध, फोन समोर ठेवून. मग उचलत का नाही? "मुद्दाम करतो आहे," सासरे म्हणाले. "मुद्दाम." तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा लावला. फोन ओल्या बोटाला जुमानेना म्हणून नाकानं लावला. मी एका हातानं फोटो काढले, व्हिडिओ काढला. काही चालणार नाही हे माहीत असून काढला.

सासरे वाकले आणि त्यांनी तिच्या पोटाखाली तळवा धरला. पोट गच्च होतं.

"भरली आहे जी," ते हळूच म्हणाले. "काठोकाठ."

ती कलंडू लागली होती. मी सरळ केली की पुन्हा एका कुशीवर जायची. कल्ले उघडत होते, मिटत होते, मग बराच वेळ उघडत नव्हते.

"सोडा," सासरे म्हणाले.

"अजून एकदा लावा ना. पाच मिनिटं. उचलेल तो."

"मरून राहिली ती. सोडा."

"मामाजी, मिशी!"

मी सोडणार नव्हतो. खरं सांगतो, नियम गेला, फाइल गेली, मी तिला उराशी धरून मंगळवारपर्यंत त्या चिखलात बसलो असतो. दोन्ही हात जाळीच्या कडेवर आवळले होते. सासरे ताठ उभे राहिले. मांडीपर्यंत भिजलेले, माकडटोपी वाकडी, आणि त्यांनी छाती भरून घेतली.

"विश्राम!"

माझे हात सुटले. मी काही केलं नाही. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचे हात तो शब्द ऐकल्यावर मालकाला विचारत नाहीत. जाळी पाण्यात आडवी झाली. मासळी क्षणभर तिथेच थांबली, शेपटीचा एक फटकारा माझ्या तोंडावर मारला आणि गवतात गेली.

आम्ही गाडीत येऊन बसलो, हीटर लावून. पँट्स वाळत होत्या, काचा धुरकटत होत्या. बऱ्याच वेळानं सासऱ्यांच्या मांडीवरचा फोन वाजला.

"जयभीम, मास्तर!" तलाठी खुशीत होता. मागे पानठेल्याचा दिवा, दहा-बारा चेहरे, सगळे कॅमेऱ्यात घुसायला बघत होते. "बसले सगळे. दाखवा."

"तुम्ही फोन का नाही उचलला?" मी मधेच घुसलो. "नऊपासून लावतोय!"

"फोन चार्जिंगले होता. मी जेवून राहिलो होतो. साडेआठ म्हणाले ना तुम्ही? हे आत्ता वाजले साडेआठ."

मी माझ्या फोनवर पाहिलं. दहा. मग गाडीच्या घड्याळावर पाहिलं. नऊ. आदल्या रात्री अमेरिकेनं घड्याळं एक तास पुढे केली होती, दर वर्षी मार्चमध्ये करते तशी. फोनचं आपोआप पुढे झालं, म्हणून त्याच्या नऊला गावात साडेसातच वाजले होते. गाडीचं झालं नाही, माझ्या हिशेबाचं झालं नाही, आणि तलाठ्याच्या गावाला तर त्याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

"सोडला," सासरे फोनमध्ये म्हणाले.

"काय?"

"धरला होता. सोडला."

पलीकडे एक खोकला आला, मग एक हसू, मग सगळी चौकट हसायला लागली. मी फोन ओढून घेतला आणि सांगू लागलो. गवत, झटका, बादलीसारखं तोंड, मास्तर मांडीभर पाण्यात, पोटातली गाभोळी, घड्याळ. एक शब्द वाढवला नाही. फोटो दाखवला, व्हिडिओ दाखवला. आणि जसजसं सांगत गेलो तसतसं मलाच ऐकू येऊ लागलं की हे माझ्या आजवरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा कितीतरी खोटं वाटतंय. खरं सांगायचा हात बसलेला नव्हता, दुसरं काय.

तलाठ्यानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"जावईबापू," तो म्हणाला, "या खेपेला बदक नव्हतं का?"

सासऱ्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. चौकटीतलं हसू खाली बसेपर्यंत थांबले. "तलाठी," ते म्हणाले, "मंगळवारी निघतो. बोललो तसाच येतो." आणि ठेवून दिला.

मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता. आता पृथ्वीवरचा शेवटचा माणूसही गेला.

"केवढी होती ना जी," ते म्हणाले.

घरात शिरल्यावर त्यांनी माझा रेझर मागितला. मी म्हटलं, मामाजी, राहू द्या, कोण बघायला येणार आहे, गावात पोचेपर्यंत ठरवू काहीतरी, मी तलाठ्याशी बोलतो, मी पानठेल्यावर सगळ्यांशी बोलतो. ते म्हणाले, तुम्ही बोलू नका. बाथरूमचं दार लागलं. नळ बराच वेळ चालू होता. बायको बाहेर भिंतीला टेकून उभी होती, आणि आपटायला हाताशी भांडी नव्हती.

दार उघडलं. आतून एक म्हातारा बाहेर आला. वरचा ओठ कोवळा आणि पांढरा, उन्हात कधीच न निघालेला. त्याला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तो आमच्यापैकी कुणाकडे न बघता सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभा राहिला. त्या सुटकेस वजनकाट्यावर चढवत होत्या.

"कसा दिसतो?" त्यानं विचारलं. आवाज मास्तरांचा होता, पण फार लांबून आल्यासारखा.

सासूबाईंनी मान वर केली. एकदा पाहिलं, नीट पाहिलं. मग पुन्हा काट्यावर वाकल्या.

"पासपोर्टात मिशी आहे," त्या म्हणाल्या.